निरसन म्हणजे उचलून बाहेर फेकणं

मंडळी, आज सकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडून आलेय. पश्चात्ताप शून्य.

एका नर्स मुलीला आमच्या गोडादरा भागातल्या सोसायटीत फ्लॅट भाड्याने हवा होता. सेक्रेटरींनी जुनी नियमावली काढली. त्यात लिहिलेलं, एकट्या बाईला घर द्यायचं नाही. म्हणे, "काकी, एरवी कोणी पाळत नाही, पण लिहिलेलं तर आहे ना!"

मला आई आठवली. एकाहत्तर-बहात्तर साल असेल. ती वकिलाकडे टायपिस्ट होती. आमच्या चाळीतल्या नळावर पाटी होती, 'विटाळशीने नळाला शिवू नये.' आई चाळीचा कारभार बघणाऱ्या नानांना म्हणाली, "याचं निरसन करा."

नाना हसले. "जाऊ द्या ना बहीन, आते कोन मानस?" म्हणजे, आता हे मानतं कोण!

"नाना, 'निर्' म्हणजे बाहेर आणि 'अस्' म्हणजे फेकणं. विसरल्याने नियम मरत नाही. तो उचलून बाहेर फेकावा लागतो."

तिने 'हा नियम रद्द' असं लिहिलेल्या कागदावर नानांची सही घेतली, पाटी स्वतः उचकटली आणि बंबात घातली. त्या दिवशी आम्ही सगळे त्याच पाण्याने न्हालो!

आज मीही तेच म्हटलं. लिहिलेलं आहे ना, मग लिहूनच रद्द करा. ठराव होईपर्यंत खुर्ची सोडली नाही. शेवटी झाला. मुलगी रविवारी राहायला येतेय.

तुमच्याकडे असा कुठला नियम झोपलाय? 'कोण पाळतंय' म्हणून सोडू नका. ज्या दिवशी कोणाला तुम्हाला अडवायचं असेल, त्या दिवशी तो बरोबर जागा होतो.