तियामतचे डोळे

सन दोन हजार बावीस, मला अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं. कारखान्यात गणपती वाळत होते आणि माझी नात नेहा तीन तोंडांची मातीची सुसर रंगवत होती. मोबाइलवरच्या कुठल्याशा खेळासाठी नमुना हवा होता. तिचं पहिलंच काम.

"आजोबा, डोळे तुम्ही काढा. लालभडक, रागीट. मला नाही जमत."

"मी चौथी नापास असेन, पण देव घडवणारा माणूस आहे. राक्षसाला हात लावणार नाही."

"राक्षस कुठली, देवी आहे ती. तियामत. हजारो वर्षांपूर्वी तिकडे इराकात बाबिलोनचे लोक खाऱ्या समुद्रालाच तियामत म्हणायचे, देवांची आई. ही तोंडं आत्ताच्या खेळवाल्यांनी लावली."

"आईला असली तोंडं?"

"तुम्ही नाही गणपतीला मोटारसायकलवर बसवलात?"

बसवला होता, गिऱ्हाइकानं मागितला म्हणून. पण त्याला घरी नेऊन कुणी आरती तरी केली. हिची आरती करणारं कुणी उरलं नाही, उरली ती खेळात तिला बाण मारणारी पोरं. माणसं गेली की देव पोरका होतो, मग ज्याच्या हाती लागेल त्याच्या मर्जीनं दिसतो. माझे गणपती जन्मभर समुद्रात गेले. त्या समुद्राला कुणी आई म्हणत होतं, हे मला कुठं ठाऊक होतं?

"काढीन, पण माझ्या मनाचे," मी म्हणालो.

"आणि काम गेलं माझं तर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, उपाशीपोटी, मी बाजूच्या दोन तोंडांना लालभडक डोळे काढले आणि मधल्या तोंडाला गौरीचे.