दहापैकी चार आणि पालकांची सही

हे बघा, आधी चहा संपवा. मधे हसायला आलं तर ठसका लागेल, आणि मी जे करून बसले ते ऐकताना हसायला येणारच आहे. माझी मलाच इतकी लाज वाटते ना, पण सांगितल्याशिवाय पोटात राहत नाही!

तीस वर्षं मी इथे कसब्यातल्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. शैलाबाई म्हटलं की अजून चाळिशीतली माणसं रस्त्यात पाठीवरची सॅक सरळ करतात. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण हातातलं लाल पेन काही सुटलं नाही. लग्नपत्रिका आली की मी आधी स्पेलिंग बघते, मग वधूवर. एकदा हॉटेलात मेनूकार्ड तपासून परत दिलं, तेव्हापासून आमचे हे मला बाहेर जेवायला नेत नाहीत.

हसू नका. तीन वर्षांत एकाही माणसाने मला ‘बाई, हे बरोबर आहे का?’ असं विचारलेलं नव्हतं. सकाळी उठायचं, भाजी निवडायची, आणि कोणाला काही येत नाही तरी आपण गप्प बसायचं. हे किती अवघड असतं ते तुम्हाला नाही कळणार.

आणि अशात मला चक्क हिंजवडीहून मेल आला! एका सॉफ्टवेअर कंपनीला तिथल्या लोकांना इंग्रजी शिकवायला कोणीतरी हवं होतं. आठवड्यातून तीन दिवस. त्यांच्याकडे काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने माझं नाव सुचवलं होतं. मी तो मेल चार वेळा मोठ्याने वाचला. ह्यांनी पाचव्यांदा ऐकायला नकार दिला.

मेल होता ऋचा नावाच्या मॅनेजरचा. गुरुवारी भेटायला या, गेटवर या मेलची छापील प्रत दाखवा, आणि दहापर्यंत पोचायचा प्रयत्न करा. ते शेवटचं तिने लिहिलं होतं, ‘प्लीज ट्राय अँड रीच बाय टेन.’

मी झेरॉक्सच्या दुकानातून प्रत काढून आणली. कुकर लावला होता, शिट्ट्या व्हायच्या होत्या, कागद समोर होता आणि पेन गळ्यात होतं. आता तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष?

‘ट्राय अँड’ला गोल केला. वर ‘टू’ लिहिलं. स्वल्पविराम नव्हते, ते दिले. एक वाक्य सबंध खोडलं. तिसरी शिट्टी झाली तेव्हा वरच्या कोपऱ्यात मोठ्या गोलात गुण देऊन झाले होते: दहापैकी चार. आणि पाचाच्या खाली गुण गेले की काय करायचं हा माझा तीस वर्षांचा नियम. खाली शेरा, ‘ट्राय अँड इम्प्रूव्ह’, आणि त्याच्या खाली मराठीत, ‘पालकांची सही आणावी.’

मग कुकर बंद केला, कागद फायलीत ठेवला आणि ठरवलं की उद्या दुसरी प्रत काढायची. ती काढायची राहिली.

गुरुवारी मी सात वाजताच घर सोडलं. हिंजवडीचं ट्रॅफिक! पण उत्साह इतका की बसमध्ये मी मनातल्या मनात पहिला धडा शिकवूनसुद्धा टाकला. साडेनऊला गेटवर हजर. फायलीत सगळी सर्टिफिकिटं, आदर्श शिक्षिकेच्या पुरस्काराचा फोटो, आणि ती प्रत.

गेटवरचा सिक्युरिटीवाला अदबीने म्हणाला, “मावशी, मेलची प्रिंट हाय का?” मी ऐटीत काढून दिली. त्याने ती एका मशीनवर पालथी घातली. कागद पालथा झाला, तेव्हा मला मागून उमटलेला लाल गोल दिसला.

मी हात पुढे केला. “अहो दादा, तो कागद द्या परत. चुकीचा दिला मी.”

“गेला की वर,” तो म्हणाला. “आत येणाऱ्याचा कागद स्कॅन झाला की ज्यांना भेटायचंय त्यांना आपोआप जातो. तुमचा चौघांना गेला.” मग त्याने कागद सरळ केला, वाचला, माझ्याकडे बघितलं. “चारच दिले व्हय?”

तिथून परत फिरावं असं फार वाटलं. कसब्यापर्यंत चालतसुद्धा गेले असते. पण पास छापून गळ्यात पडला होता, आणि शिपाई लिफ्टचं दार धरून उभा होता.

वर काचेच्या खोलीत चौघं बसलेली. ऋचा मधोमध. तिशीची, चुणचुणीत, यवतमाळकडची. चौघांच्याही समोर लॅपटॉप, आणि चारही पडद्यांवर माझं अक्षर. मी माफीचं वाक्य मनात जुळवत होते, पण सांगते तुम्हाला, शिकवणं जमतं मला, माफी मागायची सवय नाही.

तेवढ्यात ऋचा म्हणाली, “मॅडम, याच्यात चुकलं काय, ते सांगता का? आम्ही तर रोज असंच लिहून राहिलो.”

झालं! विचारलं की हो मला. तीन वर्षांनी कोणीतरी विचारलं! माफी कुठल्या कुठे गेली. मी उठले, भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याजवळ गेले, मार्कर हातात घेतला. तोही लालच निघाला.

त्यांना म्हटलं, ‘गो अँड ब्रिंग’, ‘कम अँड सी’ हे कसं छान चालतं, कारण तिथे खरंच दोन कामं आहेत. आधी जायचं, मग आणायचं. आपण ‘जाऊन आण’, ‘येऊन बघ’ म्हणतोच की. पण ‘ट्राय अँड रीच’मध्ये काम एकच आहे. प्रयत्न पोचण्याचाच करायचाय, प्रयत्न करून मग वेगळं पोचायचं नाहीये. एक दाढीवाले गृहस्थ होते, ते म्हणाले की साहेब लोकसुद्धा सर्रास असंच बोलतात. म्हटलं, बोलू देत ना, बोलण्यात काहीच वावगं नाही, घरात आपण गाऊन घालून वावरतोच. तोच गाऊन घालून लग्नाला जातो का? परदेशातल्या गिऱ्हाइकाला पत्र लिहिताना तिथे ‘टू’ घालायचा.

“पण बोलताना चालते, तर सहा मार्क कशाचे कापले?” ऋचाने विचारलं.

“तुम्ही बोलला नाहीत,” मी म्हटलं, “लिहिलंत.”

मी मार्करचं टोपण लावलं आणि मला जाग आली. मी नोकरी मागायला आले होते! नोकरी देणाऱ्या बाईला मी तिच्याच ऑफिसात, तिच्या हाताखालच्या लोकांसमोर दुसऱ्यांदा नापास केलं होतं. सर्टिफिकिटं कोणी बघितली नाहीत. “कळवतो,” म्हणाले.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पेपर खाली केला, म्हणाले, “म्हणजे मुलगी बघायला आलेल्यांनाच तू नापसंत करून आलीस.” आणि पेपर परत वर.

आठ दिवस काही नाही. मी लाल पेन ड्रॉवरमध्ये टाकलं. खरं सांगते, रडलेसुद्धा एकदा, कांदा चिरताना, म्हणजे ह्यांना कळू नये म्हणून.

नवव्या दिवशी मेल! नोकरी मिळाली होती, सोमवारपासून वर्ग सुरू. मी ओरडले, शेजारच्या काकू धावत आल्या. मेलमध्ये ‘ट्राय टू’ होतं, अगदी नियमाने. आणि सोबत जोडलेला होता तोच कागद, स्कॅन केलेला. त्याच्या तळाशी निळ्या शाईतली थरथरती सही आणि चार ओळी मराठीत.

सही ऋचाच्या वडिलांची. एसटी डेपोतून रिटायर झालेले, हल्ली तिच्याकडेच राहतात. त्यांनी लिहिलं होतं, ‘मुलीला समज दिली आहे. शाळेत असताना माझ्या सगळ्या सह्या तिनेच परस्पर केल्या, तेव्हा ही माझी पहिलीच. मुलगी म्हणते की शेऱ्यात बाईंनी स्वतःही तेच लिहिलं आहे. तरी त्यांच्याही पालकांची सही यावी.’

मी चष्मा पुसून शेरा वाचला. ‘ट्राय अँड इम्प्रूव्ह.’ तीस वर्षं, हजारो वह्यांवर मी हेच लिहीत आले होते!

खाली ऋचाची ओळ होती: सोमवारी येताना हाच कागद छापून सहीसह आणावा, गेटवर दाखवावा लागेल.

नियम माझाच, आता बोलणार काय? माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची, शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात भावाच्या नव्या फ्लॅटमध्ये असते. रविवारी कागद घेऊन तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. वय वर्षं एकसष्ट. तिने भिंग मागवलं. इंग्रजी तिला येत नाही, पण आकडे येतात.

“दहापैकी चार,” ती म्हणाली.

म्हटलं, अगं आई, ते गुण माझे नाहीत, मी दिलेत ते दुसऱ्याला.

“मग सही माझी कशाला?”

यावर तुम्हाला काही उत्तर सुचतंय? तिने पेन मागितलं, माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि सावकाश सही केली. सहीखाली बराच वेळ काहीतरी लिहीत होती. मी वाचायला लागले तर कागदाची घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला. म्हणाली, बाईंना दे.

सोमवारी गेटवर त्याच सिक्युरिटीवाल्याने घडी उलगडली आणि कागद मशीनवर पालथा घातला. या वेळी तो चौघांना नाही, माझ्या वर्गातल्या बावीसच्या बावीस जणांना गेला. मी वर पोचले, तेव्हा सगळे उभे राहून पडद्यावर आईचं अक्षर वाचत होते:

‘मुलगी हुशार आहे, पण अभ्यासात लक्ष नाही. गरज पडल्यास दोन फटके द्यावेत, आमची हरकत नाही.’