एक मशीन, एक माणूस

जावईबापूंच्या केबिनमध्ये सतत गुलाबाचा फवारा मारलेला असायचा. त्या वासानेच ताईला मळमळायचं. त्यात त्या सोमवारी ते तिला आणि तिच्या भावाला गोड हसून म्हणाले, "तुम्ही दोघं घरचीच माणसं. तुमच्यातच ठरवा आणि शुक्रवारी सांगा. गोष्टी लिहिणारी मशीन घेऊ, की संगीत देणारी? घेणार एकच. आणि माणूसही एकच ठेवणार."

ताई लहान मुलांच्या गोष्टी लिहायची आणि तिचा धाकटा भाऊ त्यांना बासरीचं संगीत द्यायचा. एकोणीस वर्षं त्या गोष्टी दर रविवारी रेडिओवर लागत होत्या. आता स्टुडिओचे मालक थकले होते आणि त्यांनी जावयाला खुर्चीत बसवलं होतं. या जावयाला जन्मात कधी धड गोष्ट सांगता आली नव्हती, की शीळ घालता आली नव्हती. असल्या माणसाने आपल्या दोघांना तराजूत घालावं, याचा ताईला मनस्वी तिटकारा आला.

या बहीणभावाची कामाची रीत बघून परक्याला वाटावं, दोघांचंही डोकं फिरलंय. ताई नवी गोष्ट मोठ्याने वाचायची आणि भाऊ स्टुडिओतल्या सतरंजीवर डोळे मिटून आडवा पडायचा. जिथे तो घोरायला लागे, तिथला मजकूर ती निमूटपणे खोडायची. तो चाल वाजवायचा तेव्हा ती स्वेटर विणत बसायची. सुया थांबल्या की चाल पक्की. नाही थांबल्या तर तो कपाळाला आठ्या घालून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. तोंडदेखलं कौतुक दोघांनाही जमत नव्हतं. त्या बाबतीत एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

केबिनमधून बाहेर पडल्यावर भाऊ जिन्यात थांबला.

"ताई, आपण दोन्हीला नाही म्हणायचं. ठेवायचं तर दोघांना ठेव म्हणावं, नाहीतर दोघांना घालव."

"झालं तर मग," ताई म्हणाली. "उगाच कशाला त्या मेल्याच्या तालावर नाचायचं?"

गुरुवारी जावईबापूंनी तिला एकटीलाच बोलावलं. 'हरवलेला ससा, संध्याकाळ, बासरी' एवढंच त्यांनी दाखवायला आणलेल्या संगीताच्या मशीनवर टाइप केलं आणि कपातला चहा निवायच्या आत तीन चाली तयार झाल्या. पहिली साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखी होती. दुसरी कुठल्याही दुकानाच्या लिफ्टमध्ये खपली असती. ताईने नाक मुरडलं आणि विणकाम चालू ठेवलं. तिसरी वाजली आणि तिच्या सुया थांबल्या.

"कशी वाटली?" जावईबापूंनी विचारलं.

"चांगली आहे," ती बोलून गेली.

शब्द तोंडातून निघाले आणि तिला शिसारी आली. घरी जाताना ती स्वतःला समजावत राहिली, की आपण खरं तेच बोललो, एकोणीस वर्षं हेच तर करतोय. पण ते पुरतं खरं नव्हतं. बावन्नाव्या वर्षी आपल्याला दुसरं काम कोण देणार, ही भीती त्या दोन शब्दांच्या मागे लपून बसली होती. ती भीती तिला चांगलीच ओळखीची होती. भावाला तिने त्यातलं काहीच सांगितलं नाही.

शुक्रवारी भावाने ठरल्याप्रमाणे सांगून टाकलं, "आम्हाला दोन्ही मशीन नकोत."

"असं कसं?" जावईबापू म्हणाले. "ताईंना तर संगीताची मशीन आवडली. कालच म्हणाल्या. हो ना ताई?"

भावाने तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणायला एवढासा वेळ पुरला असता. दोघांनाही घालवा, म्हणायला त्याहून थोडाच जास्त. ताईने तोंडात मिठाची गुळणी धरली आणि मांडीवरच्या लोकरीकडे बघत राहिली. जावईबापूंनी भावाचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला, जणू त्याचा निरोपाचा सत्कारच चालला होता.

भाऊ बासऱ्यांची पिशवी खांद्याला लावून निघाला. ताई त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली. त्याने चिडावं, चार शिव्या द्याव्यात, असं तिला फार वाटत होतं. तो चिडला नाही.

"मलाही बोलावलं होतं, बुधवारी," तो म्हणाला. "गोष्टींची मशीन दाखवली. तिने लिहिलेली एक गोष्ट वाचून दाखवली."

"मग?"

"मी म्हटलं, टाकाऊ आहे. असल्या गोष्टीला पोरं रेडिओ बंद करतील."

"टाकाऊच असणार," ताई म्हणाली.

भाऊ दोन पायऱ्या उतरला आणि वळला.

"नव्हती गं. चांगली होती. मी शेवटपर्यंत जागा होतो."

मग तो खाली गेला. ताईला स्वतःची इतकी किळस आली, की तिने कठडा घट्ट धरला. आतून जावईबापूंनी मोठ्याने हाक मारली. रविवारच्या गोष्टीसाठी चाल निवडायची होती. ताईने डोळे पुसले, "आले, आले," म्हणाली आणि आत गेली.