चमक कापणारी काच

अमरावतीत कॅमेऱ्याला लावायचा, चमक कापणारा स्वस्त फिल्टर हवा असला की मी एका काकांच्याच दुकानात जातो. महागडी डबी उचलली तर म्हणतात, "कायले पैसे फेकता भाऊ? हा घ्या." पण पारखल्याशिवाय देत नाहीत. भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो आहे, हार घातलेला. ट्यूबलाइट काचेवर अशी चमकते की चेहराच दिसत नाही. ते कडेला उभे राहून फिल्टर डोळ्याशी धरतात, हळूहळू फिरवतात. चमक विरते. फिल्टर पारखून झाला, तरी डोळ्यापासून लवकर निघत नाही.

परवा मी म्हटलं, "काका, फोटो जरा सरकवून लावा ना. फिल्टरशिवायच चेहरा दिसेल."

डबी बंद करत ते म्हणाले, "दिवसभर दिसून राहिली, तं दुकान कसं चालवू?"