नावेतली माणसं मोजणारे मेश्राम साहेब

मेश्राम साहेबांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी सिंदेवाहीच्या बाजारात वांगी निवडत होतो. "काका, बाबा गेले..." एवढंच ती बोलली. वांगी तशीच टाकून मी बाजूच्या ओट्यावर बसलो. या माणसाचा मी एके काळी इतका राग केला होता की विचारू नका, आणि आता डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. वैनगंगेच्या एका नावघाटावर मी तिकीट कारकून होतो. अलीकडे चंद्रपूर, पलीकडे गडचिरोली, मध्ये पूल नाही. घाट सरकारी, नाव सरकारी, नावाडी भिवाभाऊ मात्र बापजाद्यांपासूनचा. कुणीतरी वर तक्रार केली की नावेत माणसं चाळीस अन् तिकिटं पंचवीस, कारकून पैसे खातो. तपासायला चंद्रपूरहून लेखापरीक्षक आले, ते मेश्राम साहेब. माझं लग्न ठरलेलं, नोकरी अजून कायम व्हायची होती. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

साहेबांचा खाक्या निराळा. चहा विचारला तर म्हणाले, "ज्याचं तपासाचं, त्याचं प्याचं नाई." रजिस्टर त्यांनी पहिले दोन दिवस उघडलंसुद्धा नाही. खिशात चिंचोके भरून काठावर बसायचे. माणूस नावेत चढला की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्यात. लोक हसायचे, मीही हसायचो. शेवटचा माणूस चढला की साहेब स्वतः चढायचे आणि फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून पलीकडे जाऊन यायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. "हे पंधरा बिनतिकिटाचे लोकं कोन होत?" मी तिकिटबुकाची पानं उलटत राहिलो. सांगावं तर भिवाभाऊच्या पोटावर पाय. शेवटी भिवाभाऊच पुढे झाला. "साहेब, ते धानवाले होत. याची काही चूक नाई." पलीकडच्या गावांची रीतच तशी होती. सुगीला घरटी पायलीभर धान नावाड्याला द्यायचं आणि वर्षभर नावेनं जायचं-यायचं. त्यांना कोण तिकीट मागणार? पंचवीस तिकिटं फाटली की माझ्या लेखी नाव भरली. धानवाले मी मोजतच नव्हतो.

साहेब पलीकडे जाऊन घरोघर विचारून आले. अहवालात त्यांनी लिहिलं, अपहार नाही. मी पेढे आणायच्या बेतात होतो, तेवढ्यात पुढचं वाचलं. नाव जुनी, क्षमता पंचवीसची, कारकुनानं चाळीस बसवले. सबब त्याची एक वेतनवाढ रोखावी आणि नवी नाव येईतो वाहतूक बंद ठेवावी.

मी भडकलोच. "साहेब, चोर नाई म्हनता अन् शिक्षा बी देता? काऊन?"

"चोरी केली असती तं पैसे भरून घेतले असते तुह्याकडून," ते म्हणाले. "मानसं कुठून भरून घेऊ?"

नाव खुंट्याला बांधली गेली. बाजाराला जायला लोकांना दिवसभराचा वळसा पडू लागला आणि दोन्ही काठांनी साहेबांना शिव्या घातल्या. सगळ्यात जास्त मी.

त्या पावसाळ्यात नदीला पूर आला आणि ओसरला. एरवी आम्ही दुसऱ्याच दिवशी नाव सोडली असती. त्या सकाळी, बांधल्या जागीच, तिची तळची फळी उखडली. भिवाभाऊ धावेपर्यंत नाव खाली गेली होती. मी मिळेल त्या गाडीनं चंद्रपूर गाठलं. साहेबांनी एकच विचारलं, "कोनी होतं काय तिच्यात?"

"नाई, साहेब."

ते कचेरीच्या पायरीवर बसले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मी पायाला हात लावायला वाकलो तर खेकसले, "हे नको करू." वेतनवाढ मात्र शेवटपर्यंत सोडली नाही बरं का! पुढे आमची मैत्री झाली, लेकरांच्या लग्नांत एकमेकांच्या मांडवात राबलो, तरी तो विषय काढला की म्हणायचे, "बरोबर होतं ते."

परवा त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं. हे सगळं सांगितलं, पण एक वाक्य तेवढं राहिलं, ते इथे लिहितो. नाव बुडाली तो बाजाराचा दिवस होता, वेळ पहिल्या फेरीची होती, आणि पहिल्या फेरीला तिकिटं फाडायला मी नावेतच असायचो.