सिनेमाचं बोलावणं

टीव्हीवरच्या सिनेमाचं बोलावणं करायला कुंकवाची कोयरी घेऊन घरोघर फिरणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या समोरच्या अक्का. लग्न होऊन मी अकोल्याहून कर्वेनगरला आले, त्या पहिल्याच दिवाळीत धनत्रयोदशीच्या सकाळी दारात उभ्या. मला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "भाऊबीजेला दुपारी तीनला सिनेमा आहे. आमच्याकडे. वेळेवर यायचं." मला काही समजेना. आमच्या घरी टीव्ही होता, चांगला रंगीत, आणि सिनेमा त्याच्यावरही तोच दिसणार होता. तसं मी भीतभीत म्हटलं, तर अक्कांनी मला एकदा नीट पाहून घेतलं. "गणपती तुमच्याकडेही बसतो ना? मग आरतीला दुसऱ्यांकडे कशाला जाता?" एवढं बोलून त्या वरच्या मजल्यावर गेल्या. पुण्यात वाद घालायचा नसतो, ऐकून घ्यायचं असतं, हे मी त्या दिवशी शिकले.

सिनेमा दरवर्षी तोच असे. जुना, काळापांढरा. त्यात एक बहीण, एक भाऊ, मध्ये एक गैरसमज आणि शेवटी एक बैलगाडी. भाऊबीजेच्या दुपारी टीव्हीवाले तो न चुकता लावत आणि आमचा अख्खा जिना अक्कांच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मांडी घालून बसे. नावांच्या पाट्या सुरू झाल्या की दाराला कडी. एकदा दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक पाच मिनिटं उशिरा आले, तर अक्कांनी दार किलकिलं करून सांगितलं, "पुढच्या वर्षी या." आणि ते खरोखर पुढच्या वर्षी आले, अडीच वाजताच.

सिनेमा चालू असताना बोलायची बंदी होती. खोकलासुद्धा लोक आवरून धरत. पण जाहिरात लागली रे लागली, की खोलीत एकदम बाजार भरे. साबण, चहा आणि टूथपेस्टच्या त्या दोन-तीन मिनिटांत आमच्या जिन्यातली दोन लग्नं ठरली, पाण्याच्या टाकीचं भांडण मिटलं, आणि वऱ्हाडातली माणसं भाजीत तेल जास्त घालतात की पुण्यातली कमी, यावर माझी परीक्षाही झाली. अक्कांचे यजमान, आप्पा, सिनेमाभर आरामखुर्चीत शांत झोपत आणि जाहिरात लागली की खडबडून जागे होऊन गप्पांत भाग घेत. जाहिरात संपली की हातातला चकलीचा तुकडाही अर्ध्यावर थांबे. मला तेव्हा हसू यायचं. सगळ्यांना तोंडपाठ असलेल्या सिनेमासाठी एवढं सोवळं कशाला, असं मी घरी येऊन नवऱ्याला म्हणायची.

कशाला, ते मला दोन-तीन दिवाळ्यांनंतर आप्पांकडून कळलं. अक्कांना एक धाकटा भाऊ होता, बापू. नारायण पेठेत राहायचे, कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, बहिणीसारखेच ताठ. त्यांची आई शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा अक्का तिला आपल्याकडे आणायला निघाल्या होत्या. बापूंनी सांगितलं, आईलाच तुझ्याकडे यायचं नाही. झालं. अक्का बापूंच्या दारातूनच परतल्या, आईनं बापूंकडेच डोळे मिटले, आणि त्यानंतर अक्कांनी भावाच्या घरचा उंबरा ओलांडला नाही. बापू मात्र भाऊबीज चुकवत नसत. येत, पाटावर बसत, ओवाळून घेत, तबकात ओवाळणी टाकत आणि पाणी पिऊन निघत. "वीज खात्याचा माणूस मीटर बघायलासुद्धा याहून जास्त वेळ थांबतो," असं आप्पा म्हणाले होते.

मग एका वर्षी ओवाळणं चालू असतानाच टीव्हीवर तो सिनेमा लागला. बहीणभावांनी लहानपणी आईबरोबर थेटरात पाहिलेला. बापू पाटावरून उठले, चप्पल घालायला दाराशी गेले आणि तिथेच उभे राहिले. मग जवळच्या स्टुलावर टेकले. बैलगाडी येईपर्यंत उठले नाहीत. मधल्या जाहिरातीत अक्कांनी विचारलं, चहा घेणार का? ते म्हणाले, घेईन. पुढच्या जाहिरातीत त्यांनी विचारलं, आप्पांचा गुडघा कसा आहे? अशी दोघांची वर्षभराची बोलाचाल त्या तुकड्यांत झाली. दुसऱ्या वर्षापासून अक्कांनी भाऊबीजेचं ओवाळणं बरोबर तीनच्या तोंडावर आणून ठेवलं आणि जिनाभर बोलावणं सुरू केलं. घर माणसांनी भरलेलं असलं की बापूंना मधून उठून जाणं अवघड व्हायचं. आम्ही सगळे सिनेमा बघायला येतो असं आम्हाला वाटे. खरं म्हणजे आम्ही बापूंच्या वाटेत बसायला यायचो.

हे कळल्यावर मी तिथे अधिकच मांडी ठोकून बसू लागले, अगदी दारालगत.

पुढे केबल आली. एका वाहिनीच्या पन्नास वाहिन्या झाल्या. जिन्यातली पोरं शिकली, हिंजवडीला आणि खराडीला नोकरीला लागली, सतरंजीवर बसायला कुणाला गुडघे राहिले नाहीत तर कुणाला वेळ. बापूंचा मुलगा निखिल संगणकाच्या कंपनीत लागला, त्यानं खराडीला मोठा फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना तिकडे नेलं. मुलगा गुणी, आत्यावर जीव. एका दिवाळीत तो अक्कांसाठी सीडी प्लेअर घेऊन आला आणि त्याच्याबरोबर तोच सिनेमा. दोन सीड्यांचा संच, वर चकचकीत कागद. मी तिथेच होते. "आत्या, आता भाऊबीजेची वाट बघायला नको," तो म्हणाला. "जाहिराती नाहीत, काही नाही. कधीही बघ."

अक्कांनी तो डबा हातात घेतला, उलटासुलटा केला. "कधीही म्हणजे नेमकं कधी रे?"

निखिल हसला. त्याला ती आत्याची चेष्टा वाटली. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्यानं पुढे सहज सांगितलं की बाबांसाठीही असाच एक संच घेतलाय.

त्या भाऊबीजेला बापू आले ते रिक्षा खाली थांबवूनच. ओवाळून घेतलं. तीन वाजले, टीव्हीवर पाट्या सुरू झाल्या. बापूंनी तिकडे पाहून म्हटलं, "हा ना? परवाच पाहिला घरी. छान, स्वच्छ दिसतो." आणि चप्पल घातली. मी दारालगतच होते, पण निघालेल्या माणसाचे पाय धरता येत नाहीत. अक्का तबक हातात घेऊन उभ्या राहिल्या. निरांजन विझलं, तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही. मग त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "बसा सगळे. सिनेमा आहे." आम्ही बसलो. त्या दिवशी जाहिरातीत कुणीच काही बोललं नाही, आणि बोलायला कुणी नाही म्हणून आप्पाही जागे झाले नाहीत.

मला निखिलचा राग आला होता, पण खरं तर आमच्याही घरात तेच चाललं होतं. नवऱ्यानं फर्ग्युसन रस्त्यावरून सीड्या आणायचा सपाटा लावला होता. कपाटाचा एक कप्पा भरला. त्यातले निम्मे सिनेमे आम्ही अजून उघडलेले नाहीत. घरात आहे म्हटल्यावर बघायची घाई काय? पूर्वी टीव्हीवर एखादा सिनेमा लागणार म्हटलं की आठवडाभर आधी ठरे, भाकरी लवकर थापून घ्यायच्या, पाहुण्यांना आधीच्या गाडीनं पाठवायचं. आता सिनेमा आमची वाट बघत बसला होता, आणि वाट बघणाऱ्याची किंमत कुणी ठेवत नाही. अक्कांना मी हे म्हटलं, तर म्हणाल्या, "आंब्याचं दुकान टाकलं की आंबा खाववत नाही, वऱ्हाडकर." मला त्या कायम वऱ्हाडकरच म्हणत.

त्यांनी निखिलच्या सीडीवरचा कागद वर्षभर काढला नाही.

पुढची दिवाळी आली आणि टीव्हीवाल्यांनी तो सिनेमा लावायचंच सोडून दिलं. भाऊबीजेला सगळ्या वाहिन्यांवर नवी नाचगाणी. मी पेपरात कार्यक्रम पाहिले आणि गप्प बसले. पण धनत्रयोदशीच्या सकाळी दार वाजलं. कोयरी. "भाऊबीजेला तीनला सिनेमा आहे. आमच्याकडे." मी म्हटलं, "अक्का, यंदा टीव्हीवर नाहीये तो." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. मी लावणार आहे. आणि तुम्ही साडी बदला, आपल्याला खराडीला जायचंय."

मला पहिल्यांदा ऐकण्यातच चूक झाली असं वाटलं. पण त्या निघाल्याच होत्या. दोन बस बदलून आम्ही गेलो. अख्ख्या वाटेत अक्का पदराखाली कोयरी धरून खिडकीबाहेर बघत होत्या. काच लावलेल्या उंच इमारती, त्यांच्या खाली गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं. निखिलच्या सोसायटीच्या फाटकावर रखवालदारानं नाव विचारलं, फ्लॅट विचारला, मग कामाचं स्वरूप विचारलं. "आमंत्रण," अक्का म्हणाल्या. कसलं, असं त्यानं विचारल्यावर "सिनेमाचं" म्हणाल्या. तो बिचारा आमच्याकडे बघतच राहिला.

दार बापूंनीच उघडलं. बहीण दारात बघून त्यांना काय करावं ते सुचेना. आत या म्हणायचंही राहून गेलं. आतून त्यांची बायको आली, अक्कांनी तिला कुंकू लावलं, मग बापूंच्या कपाळाला बोट टेकवलं. "भाऊबीजेला तीन वाजता सिनेमा आहे. यायचं."

"तो माझ्याकडे आहे," बापू म्हणाले.

"सिनेमा आहे तुझ्याकडे. मी आहे का?"

बापू दारातून बाजूला झाले. बायकोच म्हणाली, येतील हो, आत या आधी. अक्कांनी उंबऱ्याकडे पाहिलं, साडी किंचित वर उचलली आणि आत गेल्या. टीव्हीनं इतकी वर्षं त्यांच्या वतीनं बोलावणं केलं होतं. आता ते त्यांना स्वतः करावं लागलं, आणि ते त्यांना किती जड गेलं, हे बसमध्ये शेजारी बसलेल्या मला माहीत आहे.

भाऊबीजेला जिन्यातले आम्ही मोजकेच होतो. बापू आले, रिक्षा सोडून आले. ओवाळणं झालं, मी सीडी घातली, सिनेमा सुरू झाला. चित्र खरोखरच स्वच्छ होतं. पण जाहिराती नाहीत म्हटल्यावर बोलायला जागाच उरली नव्हती. बहीणभाऊ शेजारी शेजारी, नजर समोर, आणि सिनेमा आपला भराभरा पुढे निघाला. अक्का अस्वस्थ होत्या, ते त्यांच्या बांगड्यांवरून कळत होतं. असाच संपला तर भाऊ उठणार, चप्पल घालणार.

आणि मध्येच पडदा निळा झाला. पहिली सीडी संपली होती.

मी उठणार, तोच बापू उठले. सराईतपणे पहिली सीडी काढली, दुसरी हातात घेतली. पण यंत्रात न घालता तशीच घेऊन परत येऊन बसले. खोलीत निळा उजेड. आप्पा जागे झाले होते.

"अक्का," बापू हातातल्या सीडीकडे बघत म्हणाले, "आई तुझ्याकडे यायचं म्हणत होती. मुलगा असताना आई लेकीकडे राहिली म्हटल्यावर लोक मला काय म्हणतील, म्हणून मी तुला खोटं सांगितलं."

अक्कांनी पदर सारखा केला. "ठाऊक आहे. तिनं मला खालच्या वाण्याकडून फोन करवला होता. भांडू नको म्हणाली, तुला भाऊ तो एकच आहे."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते," अक्का म्हणाल्या. "पण एवढी मोठी जाहिरात कधी लागलीच नाही रे."

बापूंनी चष्मा काढला. अक्कांनी त्यांच्या हातातून सीडी घेऊन बाजूला ठेवली आणि तो हात तसाच धरून ठेवला. बाकीच्यांना मी डोळ्यांनीच खुणावलं आणि आम्ही एकेक करून बाहेर पडलो. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला मी चकल्यांचं ताट परत करायला गेले, तर आत दोघंही आईच्या नकला करत होते आणि आप्पा हसून हसून खोकत होते. ताट दारातच ठेवून मी परत आले. त्या दिवाळीतलं मला सगळ्यात गोड काही आठवत असेल, तर ते तेवढंच.

पुढच्या दिवाळीच्या आधीच अक्का गेल्या. दुपारच्या झोपेत, कुणाला त्रास न देता. जिना सुना झाला म्हणतात तसा खरोखरच झाला. कितीतरी दिवस समोरचं दार वाजलं की मी चमकायची. निखिलनं आता आप्पांना भिंतभर मोठा टीव्ही आणून दिलाय, त्याच्यात म्हणे जगातले सगळे सिनेमे आहेत, हवे तेव्हा. बापू दर चार-आठ दिवसांनी खराडीहून येतात. सणवार लागत नाही, निमित्त लागत नाही. आप्पांसमोर बसतात आणि दोघं अंधार पडेपर्यंत अक्कांबद्दल बोलतात. टीव्ही बंद असतो.