उचकी आणि साखरावाली काकू

इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून नुसते वाचते. लिहायचं धाडस आज पहिल्यांदाच करतेय... चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या घरात देवदेव, अंगारे-धुपारे काही नाही. बुद्धवंदना तेवढी. माझाही असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता, आणि आता आहे असंही ठामपणे म्हणवत नाही. शिवाय माझा अनुभव भुताचा नाही, उचकीचा आहे. हसलात तरी चालेल.

मी वसमत तालुक्यातल्या हट्ट्याची. घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. ॲग्रीबिझनेसच्या शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप मी एका हळद कंपनीत करत होते — शेतकऱ्यांनीच मिळून काढलेली छोटी कंपनी. जर्मनीतल्या एका बाईंना आमची हळद आवडली होती आणि त्यांना इंग्रजीत मेल लिहायचं काम माझ्याकडे होतं. तिथल्या मसाल्यांच्या प्रदर्शनात स्टॉल लावायचं ठरलं, तेव्हा कंपनीचे संचालक बालाजीकाका म्हणाले, "मला इंग्रजी येत न्हाई, तुला हळद विकता येत न्हाई. दोघं मिळून एक मानूस होतो. चल."

तिथे असताना घराची फारशी आठवण आली नाही, खरं सांगते. कामच तेवढं होतं. शेवटच्या दिवशी सकाळी मात्र बॅग भरली, तिकीट वरच्या कप्प्यात ठेवलं, आणि एकदम छातीत दाटून आलं. आता तर परतच जायचं होतं ना? मग नेमकं तेव्हाच का? रडू येईल असं वाटलं... पण रडू आलं नाही. उचकी लागली.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पोचलो तरी थांबेना. पाणी प्यायले, श्वास रोखून धरला. दुपारी त्या बाई सौदा पक्का करायला येणार होत्या आणि बोलायचं मला होतं. एवढ्या लांब आलो होतो ते त्या एका भेटीसाठी. आणि मला एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं.

"नावं घे," बालाजीकाका म्हणाले. "कोनीतरी आठवण काढून राहिलं. बराबर नाव आलं की थांबतीय."

"काका, हे डायफ्रॅममुळे... उच्क... होतं."

"असंल. त्याचंबी नाव घे."

मी घेतली. आई, बाबा, धाकटा भाऊ, मैत्रिणी, शाळेतल्या बाई. उचकी चालूच.

"एखादं नाव लपवून ठेवलं का गं? मी न्हाई सांगत घरी."

लाजत लाजत मी तेही एक नाव मनातल्या मनात घेतलं. नाही थांबली.

मग काकांनी कॉफीच्या मशीनजवळून साखरेची पुडी आणली. जिभेवर साखर विरघळली आणि मला साखरावाली काकू आठवली.

काकू आमच्या शेजारची. आई हळदीच्या कामाला जायची तेव्हा मी तिच्याकडे असायचे. रडले की ती हातावर साखर ठेवायची. म्हणूनच तिला साखरावाली म्हणतात, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. खरं म्हणजे ती सेनगावकडच्या साखरा गावची. आमच्याकडे बाईला तिच्या माहेराच्या गावानेच ओळखतात.

"साखरावाली काकू," मी मोठ्याने म्हणाले. उचकी आलीच.

"अगं, ते गाव झालं," काका म्हणाले. "मानसाचं नाव घे."

आणि ते मला माहीत नव्हतं. जिच्या मांडीवर मी वाढले तिचं नाव...

मी आईला फोन लावला.

"आई, साखरावाली काकूचं नाव काय गं?"

"साखरावाली."

"तसं नाही, खरं नाव."

"काहून? तिचा फोटो छापून राहिले का जर्मनीत?" मग जरा थांबून, "रेशन कार्डावर कमल हाय वाटतं. व्हय, कमल."

"घरी आहे का ती?"

"न्हाई. साखऱ्याला गेली सकाळीच." आणि तिने लगेच विषय बदलला. "तू नीट ये माय."

कमल. मी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. काही उपयोग नाही. तेवढ्यात त्या जर्मन बाई समोरून येताना दिसल्या. काकांचा चेहरा पडला. बाईंनी हात पुढे केला. "सॉरी" म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं —

"सोजर."

कुठून आलं, माहीत नाही. हा शब्द मी कधी ऐकलेला नव्हता. बाईंना वाटलं, आमच्याकडचा नमस्कार असेल. त्या हसून म्हणाल्या, "सोजर!"

उचकी थांबली होती. मी बोलत गेले, बोलत गेले... पहिली ऑर्डर छोटीच मिळाली, पण मिळाली. विमानात काकांनी विचारलं, "कोन गं ही सोजर?" मी म्हणाले, "माहीत नाही."

घरी पोचल्यावर आईने सांगितलं की काकूचा भाऊ वारला. त्या दिवशीच. "तुला तिकडं काहून सांगू म्हनलं." मी चॉकलेटं घेऊन काकूकडे गेले. ती दारात लसूण सोलत बसली होती. तिला जरा हसू यावं म्हणून उचकीची सगळी गोष्ट सांगितली. "आणि त्या गोऱ्या बाईसमोर मी काय म्हणाले माहितीय? सोजर!"

तिचा हात थांबला.

"कोनी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही. काय असतं ते?"

"मी हाय ती."

मग सावकाश म्हणाली, "लगनात नाव बदललं, कमल केलं. सोजर साखऱ्यातच राह्यली. दादा तेवढा म्हनायचा, तेबी मी तिकडं गेल्यावर. इथं आला की सासरच्यांपुढं तोबी कमलच म्हनायचा. त्या दिवशी त्याची माती झाली. येताना जीपमधी मनात आलं... आता सोजर म्हननारं कोनी राह्यलं न्हाई. गेलं ते नाव त्याच्यासंगं." तिने हातातली पाकळी सोलून परडीत टाकली. "त्या बाईनंबी घेतलं म्हन्तीस?"

"हो. हसून घेतलं."

"मंग न्हाई गेलं," काकू म्हणाली.

माझी मेडिकलची मैत्रीण म्हणते, उचकी कधीतरी थांबतेच, आणि नाव लहानपणी कानावर पडलं असेल. असेलही. पण आईलाही ते माहीत नव्हतं, आणि साखऱ्याला मी कधी गेलेले नाही. त्या सकाळी बॅग भरताना छातीत जे दाटून आलं, ते नक्की माझंच होतं का... असंही कधी कधी वाटतं. कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा.

त्या संध्याकाळी निघताना मी दारातून म्हणाले, "येते, सोजरकाकू."

तिने लसणाची परडी बाजूला ठेवली.

"काकू लावू नको," ती म्हणाली. "नुसतं म्हन."